दारावरून जाणारं वाक्य

हातात माईक नसला की अण्णा बोलत नसत. अगदीच मौन नव्हतं, पण आवाज म्हणून जी चीज आपण सगळे दिवसभर उधळत असतो, ती ते बाहेर काढत नसत. कुजबुजायचे, तेही नाइलाज झाला तर. एरवी बोटं, भुवया आणि मान एवढ्यावर त्यांचं भागायचं. भाजीवालीपुढे उभे राहून वांग्यांकडे बोट दाखवायचे, भाव ऐकून भुवया वर करायचे आणि तसेच उभे राहायचे. ती बिचारी स्वतःच विचारत, स्वतःच उत्तरं देत भाव उतरवायची. "गप गिऱ्हाईक लई वाईट," ती एकदा मला म्हणाली, "भांडता बी येत न्हाय."

आणि हाच माणूस रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून माईक तोंडाशी धरायचा तेव्हा अख्ख्या बाळीवेसेला ऐकू जायचा. टपावर दोन भोंगे लावून जाहिरात करत फिरणं हा त्यांचा धंदा. कपड्यांचा सेल, सर्कस, नवा दवाखाना, कुणाच्या तरी हॉटेलचं उद्घाटन, सगळं सोलापूरला अण्णांच्या तोंडून कळायचं. जाड, कोरडा आणि स्वच्छ आवाज. गल्ली बदलली की भाषा बदलायची. विजापूर वेशीत दखनी, साखर पेठेत तेलुगू, बाळीवेसेत कन्नड, आणि जुळे सोलापुरात अशी मराठी की घरातली माणसं टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायची. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत विचारावंसं वाटलं नाही.

आवाजाला ते घरातल्या एखाद्या आजारी वडीलधाऱ्यासारखं सांभाळायचे. भर मे महिन्यात थर्मासमध्ये कोमट पाणी, गालात ज्येष्ठमधाची काडी. बर्फ नाही, ताक नाही, थंड उसाचा रस तर मुळीच नाही. आम्ही रसाच्या गाड्यापाशी थांबलो की ते पाठ करून उभे राहायचे. पाहिलं तर प्यावंसं वाटेल, ही भीती.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी मला चहा दिला आणि अण्णांकडे बघत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून घरात ह्यांचा आवाज ऐकला न्हाय मी. मला पण लोकांसारखं गॅलरीतच यावं लागतं." मला ती थट्टा वाटली. पण नंतर पाहिलं, रिक्षा त्यांच्या गल्लीत शिरली की रिक्षावाले चाचा न सांगता वेग कमी करायचे. अण्णा आवाजाचं बटण थोडं उतरवायचे, गॅलरीकडे मान वर करायचे आणि सावकाश म्हणायचे, "पलंग आले आहेत. कपाटं आली आहेत." काकू पदराला हात पुसत उभ्या. वळण येईपर्यंत कुणीच हलायचं नाही.

मी त्यांच्या रिक्षात कशी जाऊन पडले ते सांगायला हवं.

बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं होतं आणि मी लेखिका होणार हे मी ठरवून टाकलं होतं. फक्त ते अजून कुणाला कळलं नव्हतं. सुट्टीत काहीतरी काम कर, असं घरात चाललं होतं, तेवढ्यात नवी पेठेतल्या एका जाहिरात एजन्सीचा मेसेज ग्रुपवर आला: कंटेंट रायटर पाहिजे. मी धावत गेले. एजन्सी म्हणजे एका जिन्याखालची खोली. मालकांनी माझी कॉलेजच्या अंकातली कथा उलटीसुलटी करून पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "मराठी चांगली हाय ना? मग झालं." फर्निचरच्या एका मोठ्या प्रदर्शनाचं काम त्यांनी घेतलं होतं. मी मजकूर लिहायचा, तो रिक्षावरून बोलला जाणार.

"ऑफिस कुठे असेल?" मी विचारलं.

त्यांनी दारातून बाहेर उभी असलेली रिक्षा दाखवली. मजकूर लिहून झाल्यावर नुसतं बसून काय करणार, तर अण्णांबरोबर फिरायचं आणि चौकाचौकात हँडबिलं वाटायची. घरी मी सांगितलं की ऑफिसात कूलर आहे.

पहिला मजकूर मी रात्रभर जागून लिहिला. मला तो अजून पाठ आहे. "वैशाखवणव्यात होरपळणाऱ्या जिवाला आपल्या हक्काच्या घरात शीतल विसावा देणारे, पिढ्यान्‌पिढ्या मिरवावे असे सागवानी, शिसवी आणि आधुनिक बनावटीचे…" आणि असंच पुढे. पूर्णविराम कागदाच्या तळाशी होता.

अण्णांनी तो वाचला. चेहऱ्यावर काही नाही. मग मला रिक्षातून उतरवून एका इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभं केलं आणि खुणेनं सांगितलं: इथेच थांब. रिक्षा मागे गेली, वळली आणि नेहमीच्या वेगानं आमच्या पुढून गेली. अण्णांनी माझा मजकूर इतका सुंदर म्हटला की माझ्या अंगावर काटा आला. पण मला ऐकू आलं ते एवढंच: "होरपळणाऱ्या जिवाला आपल्या हक्काच्या घरात." तेवढ्यात एक टमटम आली आणि मग रिक्षा पुढच्या चौकात होती.

इस्त्रीवाला हातातलं काम थांबवून रस्त्याकडे बघत होता. "काय वो," तो मला म्हणाला, "आग लागली काय कुटं?"

रिक्षा परत आल्यावर अण्णांनी मला विचारलं नाही काय ऐकू आलं म्हणून. जवळ वाकून कुजबुजले, "वाक्य दारावरून जातंय, पोरी. दारात बसत न्हाय." आणि कागद परत दिला.

मला रडू येत होतं आणि रागही. हा माणूस पलंग विकतो, ह्याला साहित्यातलं काय कळतं, असं मनात आलं. पण इस्त्रीवाल्याचा चेहरा डोळ्यापुढून जात नव्हता. त्या माणसानं कान देऊन ऐकलं होतं. त्याला मी काहीच दिलं नव्हतं, वर घाबरवलं होतं. दुपारी रिक्षातच मांडीवर कागद घेऊन पुन्हा लिहिलं: "पलंग आले आहेत. कपाटं आली आहेत. सागवानी आहेत. मैदानावर या, हात लावून बघा." अण्णांनी वाचलं आणि 'हात लावून बघा' ह्या शब्दांवर अंगठा ठेवून माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, पण गालातली काडी ह्या बाजूची त्या बाजूला गेली. एवढं मिळवायला मला पुढे बऱ्याचदा दिवस दिवस लागले.

कामाचा वैताग मात्र काही कमी नव्हता. उन्हानं रिक्षाचं रेक्झिन तापायचं. तोंडाला स्कार्फ, हातांवर सनकोटाच्या बाह्या, मांडीवर हँडबिलांचा गठ्ठा, पायाशी बॅटरी. गरम वारा असा लागायचा की कुणीतरी भट्टीचं दार उघडं टाकून गेलंय. हँडबिल हातात घेतल्यावर लोक काय करतात हे मी त्या दोन महिन्यांत इतकं पाहिलं की त्यावर प्रबंध लिहीन. काही जण घडी घालून खिशात ठेवतात. ते वाचत नाहीत, फक्त सभ्य असतात. काही जण त्यानं वारा घेतात. एक आजोबा रोज घ्यायचे आणि रोज त्यावर गाडीची सीट पुसायचे. पार्क चौकात एका गाडीवाल्यानं मला शेंगदाणे दिले ते माझ्याच मजकुराच्या पुडीत. मी शेंगदाणे खाल्ले आणि पुडी उलगडून वाचली. एक चूक सापडली.

बसल्या बसल्या विचार यायचे. अख्ख्या शहरात माझे शब्द फिरतायत आणि एकालाही माझं नाव माहीत नाही, मग मी लेखिका आहे की नाही? पलंगावर लिहिणं हे लिहिणं असतं का? आपल्या वयाच्या मुली ह्या घटकेला काय करत असतील? मग चाचा ब्रेक मारायचे, बॅटरी पायावर आपटायची आणि विचार तिथेच संपायचा.

अण्णांचं माईकवरचं बोलणं हा वेगळाच प्रकार होता. मी लिहिलेलं ते म्हणायचे, पण मध्येच समोर दिसेल त्याच्याशी बोलायचे. "पलंग आले आहेत. पिवळ्या साडीतल्या ताई, सावकाश, मागून बस येते आहे. कपाटं आली आहेत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, आपला टॉवेल खाली पडला आहे. मैदानावर या." वहिनी वरून हात करायच्या. टॉवेल कुणीतरी उचलून द्यायचं. कुणाच्या गल्लीत आज पाणी येणार, किती वाजता येणार, हेही ते जाता जाता सांगून टाकायचे, कारण विचारणारे रिक्षा थांबवायचे.

आणि काही ठिकाणी माईक बंद. दवाखाना, शाळा हे ठीक. पण एका बोळाच्या तोंडाशी रोज बंद का, हे मला कळेना. चाचांनी सांगितलं, "उधर एक बच्ची पैदा हुई ना, दोपेर कू सोती." दुसऱ्या एका घरापुढे बंद, कारण तिथला माणूस रात्रपाळी करून झोपलेला. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी डोकं धरलं. "अण्णा, गिऱ्हाईक मला विचारतंय, अर्ध्या गावात आवाज का येत नाही?" अण्णांनी खांदे उडवले.

आता अण्णांचं वय झालंय. त्यांनी भोंगे उतरवले आणि रिक्षाचं काम सोडलं. गड्ड्याच्या जत्रेत तेवढं ते मंडपात बसतात आणि चुकलेल्या मुलांची नावं सांगतात. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय, पण शब्द तसाच स्वच्छ. मी नोकरीसाठी पुण्यात आहे. फोन केला की काकू उचलतात आणि त्यांच्या कानाला लावतात. पलीकडून एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मी पाच-दहा मिनिटं बोलते, टकटक ऐकते आणि फार बरं वाटून फोन ठेवते. माझ्या दोन-चार कथा छापून आल्या आहेत. कुठलंही वाक्य लिहिलं की मी खोलीत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत ते मोठ्यानं म्हणते. शेजारच्यांनी एकदा बेल वाजवून तब्येतीची चौकशी केली. ह्या सवयीबद्दल मी कुणाची ऋणी आहे हे त्यांना समजावून सांगणं अवघड होतं.

पण मला खरं सांगायचंय ते त्या उन्हाळ्याच्या शेवटाचं.

मे महिना अर्धा झाला असेल. मालकांनी अण्णांना बोलावून सांगितलं की आता सगळीकडे रेकॉर्ड केलेली क्लिप वाजते, आपण पण तसंच करू. तुमचाच आवाज, फक्त एकदा बोलायचं आणि मशीन दिवसभर वाजवेल. त्यांच्या एका मित्राच्या घरात स्टुडिओ होता, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. मी मजकूर घेऊन बरोबर गेले. अण्णा काचेपलीकडे माईकसमोर उभे राहिले आणि आजूबाजूला बघू लागले.

"बोला की अण्णा," ऑपरेटर म्हणाला.

"कुणाला?" अण्णांनी विचारलं.

"माईकला."

अण्णांनी माईककडे पाहिलं. मग माझं वाक्य म्हटलं. इतकं कोरडं, इतकं सपाट, की मला वाटलं बिघाड झालाय. त्यांनी पुन्हा म्हटलं. आणखी वाईट. मी काचेच्या अलीकडे उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले, निदान एक तरी माणूस त्यांना दिसावा म्हणून. पण काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता. शेवटी ते बाहेर आले, थर्मासमधलं पाणी प्यायले आणि मान हलवली. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती दिसली. ज्या एका गोष्टीवर त्यांनी आयुष्यभर इतकी माया केली होती, ती त्यांना तिथे सोडून गेली होती.

मालकांनी पुण्याहून कुणाचा तरी आवाज मागवला. गुळगुळीत, हसरा, सगळीकडे सारखा. अण्णांना काढलं मात्र नाही. मशीन सांभाळायला माणूस लागणारच. मग रिक्षात अण्णा, मी आणि तो पुण्याचा हसरा आवाज. अण्णांनी आपला माईक रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवून दिला.

आणि त्यांनी एक वेडेपणा केला. क्लिप चालू असताना ते रिक्षातून डोकं बाहेर काढून माईकशिवाय ओरडू लागले. "ताई, बस येतीय." "ओ मामा, चाक बघा." जन्मभर जपलेला आवाज त्यांनी तीन-चार दिवसांत धुळीत आणि उन्हात उधळून टाकला. चाचा म्हणायचे, "अण्णा, नक्को ना, गला जाता." ऐकतंय कोण. एका सकाळी त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं सांगितलं. काकूंनी त्यांना घरी ठेवायचा प्रयत्न केला, पण ते रिक्षात येऊन बसले. दोन दिवस आम्ही तसेच फिरलो. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढ्या वर्षांत ते आपल्या मर्जीनं गप्प राहिले होते, तेव्हा असे दिसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हँडबिलं घ्यायला प्रदर्शनाच्या मैदानावर गेलो. मांडवाच्या तोंडाशी, विकायला ठेवलेल्या एका खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर विभूती. हातात देवळातल्या फुलाची पुडी. तिथला पोरगा वैतागून तिला उठवत होता आणि ती कन्नडमध्ये त्याला काहीतरी सांगत होती. अण्णा रिक्षातून उतरले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "मनी यल्ली अद, अव्वा?" घर कुठंय, असं त्यांनी विचारलं. आवाज नव्हता, नुसती हवा. तरी तिला कळलं.

तिचं नाव शांतव्वा. दुधनीहून लेकीकडे आली होती, लेकीचं नाव महादेवी. सकाळी एकटीच देवळात गेली आणि बाहेर पडताना दुसऱ्या दारानं बाहेर पडली. तेव्हापासून चालत होती. पिशवी, फोन सगळं लेकीच्या घरी. घराची खूण काय, तर जवळ पिठाची गिरणी आहे. सोलापुरात किती पिठाच्या गिरण्या असतील ते कुणी सांगावं.

चाचांनी चौकीत फोन लावला, त्यांनी नाव लिहून घेतलं आणि आणून सोडा म्हणाले. पोलीस हा शब्द ऐकल्यावर शांतव्वानं खुर्चीचा हात असा धरला की आम्ही तो विचार सोडला. अण्णांनी तिला रिक्षात बसवलं, पाणी दिलं, क्लिपचं बटण बंद केलं, पिशवीतून रुमाल काढला, उलगडला. आणि माईक माझ्या हातात दिला.

मी कॉलेजात हजेरी द्यायला उभी राहिले तरी माझे कान तापायचे. मी म्हटलं, "अण्णा, मला नाही जमणार." त्यांनी शांतव्वाकडे बोट दाखवलं. मग माझ्या कागदाकडे.

मी लिहिलं. रिक्षा बाळीवेसेत शिरेपर्यंत लिहून झालं. "दुधनीच्या शांतव्वा आमच्याबरोबर आहेत. लेकीचं नाव महादेवी. घर गिरणीजवळ. महादेवीला सांगा, आई सापडली." अण्णांनी कागद वाचला आणि एकाही शब्दाला हात लावला नाही. पहिल्यांदाच.

पहिल्यांदा म्हटलं ते माझं मलाही ऐकू आलं नाही. अण्णांनी माझी हनुवटी वर केली आणि रस्त्याकडे वळवली. समोर एक बाई दारात तांदूळ निवडत होती. मी तिच्याकडे बघून म्हटलं. तिनं मान वर केली. पुढचं दार. तिथल्या दुकानदाराला म्हटलं. आणि मग भोंग्यातून येणारा तो आवाज माझा आहे हे मी हळूहळू विसरले.

मराठीत जमलं, पण कन्नडही हवं होतं. अण्णा माझ्या कानाशी तोंड आणून एकेक शब्द फुंकायचे आणि मी तो पुढे सोडायची. "महादेवी, निम्मव्वा इल्ले अदाळ. लगूना बर्री." महादेवी, तुमची आई इथे आहे, लवकर या. आता 'निम्म' म्हणजे तुमची, हे मला कुठं माहीत. मी आपली मराठी मुलगी, मी स्वच्छ तोडून म्हटलं, "महादेवी, निम्मा… अव्वा इल्ले अदाळ."

गल्ली खो खो हसली. "अगं, निम्मीच सापडली काय?" कट्ट्यावरचा एक माणूस म्हणाला, "बाकीची कुटं हाय?" सकाळपासून रडकुंडीला आलेली शांतव्वाही हसायला लागली. तिनं माझा हात धरला, माईक स्वतःकडे ओढला आणि भोंग्यातून मला शिकवलं, "निम्मव्वा." मी म्हटलं, "निम्मव्वा." तिनं पुन्हा म्हटलं. मीही. सगळी गल्ली ऐकत होती आणि माझं चुकलं की दुरुस्त करत होती. हसणारे लोक घराबाहेर आले, बाहेर आले म्हणून त्यांनी विचारलं, आणि विचारलं म्हणून फोन फिरू लागले. कुणाची मावशी गिरणीजवळ राहते, कुणाच्या ओळखीत एक महादेवी आहे.

त्यातल्या दोन महादेवी चुकीच्या निघाल्या. साखर पेठेतून पुढे, अक्कलकोट रोडच्या बाजूला आलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि माझाही घसा दुखायला लागला होता. शांतव्वा अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. एका वस्तीत शिरलो. मी म्हणतेय, म्हणतेय, आणि समोरून एक बाई पळत आली. दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ तसंच. ती रिक्षाच्या दांडीला धरून आईला कन्नडमध्ये इतकं रागावली, इतकं रागावली, की तिचं रडणं बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. शांतव्वानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून लेकीला काहीतरी सांगितलं. अण्णांनी माझ्या कानात त्याचं मराठी केलं: "ही पोरगी कन्नड शिकतीय म्हणती. वेळ लागला त्यामुळं."

त्यांच्या घरी आम्हाला बसवून भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली. शेजारच्या गिरणीचा आवाज चालू होता. महादेवीच्या नवऱ्यानं अण्णांना विचारलं की ही मुलगी कोण. मला वाटलं अण्णा खांदे उडवतील. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला आणि डॉक्टरांनी बजावलेलं मोडून, नीट ऐकू येईल असं, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लेखिका हाईत."

मला त्याआधी कुणी तसं म्हटलं नव्हतं.

घरी पोहोचले तेव्हा सगळे जेवायला बसले होते. वडील साखर पेठेतल्या सुताच्या पेढीवर हिशेब बघतात. ते मितभाषी. माझं लिहिणं त्यांना नापसंत होतं असं नाही, पण माझी कथा छापून आली तेव्हा पहिल्या पानावरच त्यांना झोप लागली होती. मी हात धुऊन ताटावर बसले. आईनं आमटी वाढली. कूलरवाल्या ऑफिसचं आता काय सांगायचं, हे मी मनात जुळवत होते.

वडील म्हणाले, "त्या म्हातारीचं घर सापडलं का?"

"कुठल्या?" मी विचारलं.

"दुधनीच्या," ते म्हणाले. "आम्ही पेढीवरचे सगळे बाहेर येऊन ऐकत होतो. मग रिक्षा पुढं गेली. पुढचं काय झालं ते कळलंच नाही."

मी म्हटलं, सापडलं. लेक पळत आली. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं. कुठल्या देवळातून बाहेर पडली, चुकीच्या महादेवी कोण होत्या, लेक काय म्हणाली. मी सांगत होते आणि त्यांचं ताटातलं गार होत होतं. आईनं दोनदा आठवण केली. मला माझे पहिले ऐकणारे असे आमच्याच घरात भेटले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना उभं करून झाडलं. अर्धा दिवस क्लिप वाजली नाही, गिऱ्हाईक पैसे कापणार म्हणतंय, समाजसेवा करायची तर स्वतःच्या रिक्षात करा. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले, एक शब्द नाही. मालकांना वाटलं त्यांना पश्चात्ताप झालाय. आदल्या दिवशीच्या त्या दोन शब्दांनी घसा पुन्हा पार बसला होता, एवढंच. मालक विरघळले आणि सुट्टी संपेपर्यंत आमचं दोघांचंही काम टिकलं.

रिक्षात बसल्यावर मी अण्णांना वडिलांचं सांगितलं. सगळं, अगदी गार झालेल्या आमटीसकट. ते ऐकत होते, बोटं गुडघ्यावर. माझं संपल्यावर त्यांनी माझ्या हातातलं हँडबिल घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पेढी कुठल्या कोपऱ्यावर?"

मी कोपरा सांगितला. अण्णांनी डोळे मिटून तो रस्ता मनात चालून पाहिला. रिक्षा तर मुख्य रस्त्यानं गेली होती, पेढी आत, बोळाच्या शेवटी, तरी तिथवर शब्द पोचले होते. त्यांनी डोळे उघडले, टपावरच्या भोंग्यांकडे बोट केलं, मग माझ्याकडे. आणि चाचांच्या पाठीवर थाप मारून निघायची खूण केली.